केसपेपरच्या खिडकीपाशी

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. शेजारच्या आजोबांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आलो होतो आणि केसपेपरच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे तीन माणसं होती. पहिल्याचा नंबर आला आणि त्यानं हातातली एक्स-रेची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर आपटली.

“सोमवारी आलो तर चार नंबरला पाठवलं. चारवाला म्हणाला, सातला जा. सातवर कुणीच नाही. आज परत आलोय. माणसं आहोत का फुटबॉल आहोत आम्ही?”

आवाज एवढा चढला की बाकांवरची माणसं वळून पाहू लागली. मागून कुणीतरी “असंच करतात हे” म्हणून सूर मिसळला. खिडकीतल्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

“दादा, कुठून आलात?”

“जव्हारवरून.”

“मग पहाटेच निघाला असाल.”

“तीनला.” आवाज तसाच होता, पण शब्द कमी झाले होते.

“पेशंट कोण?”

“आई. तिकडं जिन्यात बसवलीय.”

“त्यांना आधी आत बाकावर आणून बसवा. तुमचा नंबर जात नाही, कागद माझ्याकडे राहू द्या. त्या दिवशीचा शिक्का मारायचा राहिलाय, ती चूक आमच्याकडची आहे. तो मी आता मारते. पण खरं सांगते, डॉक्टरांपर्यंत जायला अजून तासभर लागेल.”

तो गेला आणि आईला हाताला धरून आत घेऊन आला. कागद घेताना “मॅडम, तुमच्यावर नव्हतो ओरडत” एवढंच म्हणाला. सगळं मिळून दीड मिनिट गेलं असेल.

हे दीड मिनिट माझ्या मनातून जात नाही. कारण त्या माणसाला काहीच लवकर मिळालं नाही. तासभर थांबणं चुकलं नाही, रांग चुकली नाही. मग त्याला मिळालं काय? आणि ते देणाऱ्या बाईंनी नेमकं केलं काय? “स्वभावच गोड आहे हो त्यांचा” असं म्हणून आपण अशा प्रसंगांवरून पुढे जातो. पण गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत मानसशास्त्रानं राग, वाट पाहणं आणि ऐकून घेणं यांविषयी जे शोधलं आहे ते पाहिलं, की त्या पाच-सहा वाक्यांत एक पक्कं कसब दिसू लागतं. कसब म्हटलं की ते शिकता येतं, शिकवता येतं, आणि त्यासाठी लागणारी परिस्थिती पुरवावीही लागते. हा लेख त्यासाठी आहे.

संताप, त्रागा आणि वैताग

मराठीत रागाला एकच शब्द नाही, हे आपलं भाग्य. संतापात समोर कुणीतरी दोषी ठरलेला असतो. त्रागा करणारा माणूस राग स्वतःवर काढतो. “नको मला काही” म्हणून भरलं ताट सारतो. तापानं फणफणलेलं मूल करवादतं, तेव्हा त्याला कुणाशी भांडायचं नसतं. त्याची सहनशक्ती आजारानंच संपवलेली असते. उन्हातून दोन खेपा घालून आलेला माणूस कातावतो. आणि वैताग? मी माझ्या परीनं सगळं केलं, तरी काम अडलंय, आणि कुठे अडलंय तेही कळत नाही, ही भावना म्हणजे वैताग. खिडक्यांवर, फलाटांवर, बँकेत, फोनच्या दुसऱ्या टोकाला जो अनोळखी माणूस आपल्यावर ओरडतो, तो बहुतेक वेळा वैतागलेला असतो. आपण मात्र त्याला संतापलेला समजतो आणि आपल्याला दोषी ठरवलंय असं धरून उत्तर देतो. बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात.

वैताग आणि आक्रमकता यांचं नातं पहिल्यांदा शिस्तीत मांडलं गेलं ते १९३९ मध्ये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एक सिद्धान्त मांडला: माणूस एखाद्या उद्दिष्टाकडे निघालेला असताना वाटेत अडवला गेला, की त्याच्यात आक्रमकता जागी होते. सिद्धान्त सुटसुटीत होता, पण इतका सरळ टिकला नाही. अडवला गेलेला प्रत्येक माणूस ओरडत नाही, हे तर आपण रोज पाहतो.

१९५२ मध्ये निकोलस पास्टोर या मानसशास्त्रज्ञानं त्यातली मेख दाखवली. त्यानं लोकांपुढे रोजच्या जगण्यातले प्रसंग ठेवले. त्यातला एक असा: तुम्ही थांब्यावर उभे आहात आणि बस मुद्दाम न थांबता निघून गेली. याचंच दुसरं रूप असं: बस थांबली नाही, पण ती गॅरेजकडे निघाली होती हे तुम्हाला दिसलं. दोन्ही वेळा बस चुकलीच, पण दुसऱ्या वेळी लोकांच्या उत्तरांत राग कितीतरी कमी होता. मुंबईत ज्यानं कधी बसच्या कपाळावर ‘डेपो’ची पाटी वाचून वर केलेला हात खाली घेतला आहे, त्याला हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगायला नको. माणूस अडल्यानं चिडतो त्यापेक्षा विनाकारण अडवलं गेल्याच्या भावनेनं जास्त चिडतो. पुढे १९८९ मध्ये लेनर्ड बर्कोविट्झ यांनी या सिद्धान्तात आणखी एक दुरुस्ती केली: अडवणुकीतून जितकी मनाची तगमग होते, तितकीच आक्रमकतेकडे ओढ निर्माण होते. भूक, जागरण, उकाडा, दुखणं यांनी ती तगमग वाढते. पहाटे तीनला जव्हारहून निघालेल्या माणसापाशी यातलं बरंच काही आधीच जमा झालं होतं.

आता बाईंचं वाक्य पुन्हा वाचा: “शिक्का मारायचा राहिलाय, ती चूक आमच्याकडची आहे.” त्या माणसाच्या डोक्यात तोवर एकच चित्र होतं: हे लोक मुद्दाम आपल्याला फिरवतायत. एका वाक्यात त्याला कारण मिळालं. बसच्या कपाळावरची पाटी दिसली.

वाट पाहण्याचं गणित

वाट पाहण्याचाही एक अभ्यास आहे. १९८५ मध्ये डेव्हिड माइस्टर यांनी रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. आजही सेवाक्षेत्रात तो वाचला जातो. त्यातली निरीक्षणं साधी आहेत. रिकाम्या हातांनी पाहिलेली वाट लांब वाटते. किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर ती आणखी लांब वाटते. कारण कळत नसेल तर त्याहून लांब. मागून आलेला पुढे गेला, तर घड्याळाचा काही संबंधच उरत नाही. आणि मनात काळजी असेल तर दहा मिनिटांचा तास होतो.

रुग्णालयाच्या रांगेत ही सगळी कारणं एकदम हजर असतात. म्हणून तिथं “थांबा जरा” हे उत्तर सगळ्यांत महाग पडतं. ते ऐकणाऱ्याला वेळही देत नाही, कारणही देत नाही. “तासभर लागेल” ही खरं तर वाईट बातमी आहे. पण तासभर म्हणजे आईला चहा पाजता येतो, घरी फोन करता येतो, स्वच्छतागृहात जाऊन येता येतं. अनिश्चित वाट माणसाला जागेवर खिळवते. मुदत कळली की तो हलू शकतो. “तुमचा नंबर जात नाही” या चार शब्दांनी त्याची दुसरी भीती काढून टाकली. आई जिन्यात एकटी आणि आपण इथून हललो तर रांग जाणार, या पेचात तो मघापासून उभा होता. तो पेच कुणाला दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त त्याचा आवाज.

आपण चुकतो ते कुठे

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपलं मन एक ठरावीक चूक करतं. १९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी काही जणांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचायला दिले. निबंधाची बाजू लिहिणाऱ्याला ठरवून दिलेली होती, हे वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. तरीही, कॅस्ट्रोची बाजू घेणारा निबंध लिहिणारा मनातूनही कॅस्ट्रोकडे झुकलेला असणार, असंच वाचणाऱ्यांना वाटलं. माणसाचं वागणं दिसतं. त्याला तसं वागायला लावणारी परिस्थिती दिसत नाही, किंवा दिसूनही आपण ती मोजत नाही. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, ली रॉस यांनी या चुकीला कारणमीमांसेतली मूलभूत चूक असं नाव दिलं.

आपल्या रोजच्या बोलण्यात ही चूक अशी उतरते: मी ओरडलो तर “काय करणार, दिवसच तसा गेला”, तो ओरडला तर “माणूसच तसला आहे.” अनोळखी माणसाबाबत ही चूक जास्त होते, कारण त्याचा आधीचा दिवस आपल्याला ठाऊक नसतो. घरातला भाऊ तडकला तर त्याला झोप झाली नाही हे आपल्याला माहीत असतं. अनोळखी माणूस आपल्यासमोर जणू त्याच क्षणी जन्माला येतो, तोही ओरडत.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक सेविका सांगते की तिच्यावर शिव्यांचा भडिमार करणाऱ्या एका प्रवाशाचा मुलगा नुकताच वारला होता, हे तिला मागाहून कळलं. त्यानंतर कुणी चिडलेला प्रवासी भेटला की तिला तो माणूस आठवे. प्रत्येक चिडलेल्या माणसामागे एवढं मोठं दुःख असतं असं नाही. पण आपल्याला न दिसणारा काहीतरी आधीचा भाग असतोच, एवढं धरून चाललं तरी आपलं पहिलं वाक्य बदलतं. “ओरडू नका” याच्या जागी “कुठून आलात?” येतं. त्या प्रश्नानं बाईंनी त्या माणसाचा आधीचा दिवस मिळवला: जव्हार, पहाटेचे तीन, जिन्यातली आई. तीन उत्तरांत तो अनोळखी राहिला नाही.

“शांत व्हा” का चालत नाही

चिडलेल्या माणसाला “शांत व्हा” म्हणून तो शांत झाल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का? त्या दोन शब्दांतून त्याला ऐकू येतं ते असं: तुझ्या रागाला कारण नाही आणि अडचण तूच आहेस. मग आपल्या रागाला कारण आहे हे सिद्ध करायला तो आणखी मोठ्यानं बोलतो.

त्याऐवजी त्याच्या भावनेला योग्य नाव दिलं तर? २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना राग, भीती अशा भावना दाखवणारे चेहरे पडद्यावर दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतली हालचाल मोजली. त्या भावनेला साजेसा शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागाची हालचाल मंदावली. धोक्याची चाहूल लागली की हाच भाग पेटून उठतो. त्याच वेळी कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाची हालचाल वाढली. हा प्रयोग छायाचित्रांवरचा होता, रुग्णालयाच्या रांगेतला नव्हता. पण भावनेला शब्द मिळाला की तिची धार बोथटते, हा अनुभव आपल्या आयाबायांना फार पूर्वीपासून आहे. रडणाऱ्या मुलाला “लागलं ना? दुखतंय ना?” म्हणताना त्या हेच करतात.

इथं मराठी शब्दांची श्रीमंती कामाला येते. “चिडू नका” म्हटलं तर माणूस आणखी चिडतो. “वैतागलात ना, दोन खेपा झाल्या” म्हटलं तर तो मान डोलावतो. पहिल्या वाक्यात दोष दिलाय, दुसऱ्यात त्याची हकिकत आहे.

मग त्याला मनसोक्त ओरडू द्यावं का? वाफ निघून गेली की भांडं थंड होतं, असं आपल्याला वाटतं. ही समजूत मात्र खरी ठरलेली नाही. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी सगळ्यांना त्यांच्या निबंधावर झोंबणारी टीका ऐकवून चिडवलं. मग काहींना त्या टीकाकाराचा चेहरा आठवत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं शांत बसवून ठेवलं. टीकाकाराला आठवत ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले राहिले. नुसतं बसलेले सगळ्यांत कमी आक्रमक ठरले. राग घोळवला की तो मुरतो.

म्हणून ऐकून घेणाऱ्याचं काम नाजूक आहे. माणसाला बोलू द्यायचं, पण रागाभोवती गोल गोल फिरू द्यायचं नाही. “कधीपासून?”, “सोबत कोण आहे?”, “कागद कुठला दिला होता?” असे छोटे प्रश्न माणसाला अपमानाकडून हकिकतीकडे आणि हकिकतीकडून गरजेकडे नेतात. आणि विचारणाऱ्याचा आवाज खाली असावा लागतो. भावना संसर्गासारख्या पसरतात. समोरच्याचा चेहरा, स्वर आणि बोलण्याची गती आपण नकळत उचलतो. रांगेतल्या एकाचा चढलेला आवाज मागच्या दहांना चढवतो, तसा खिडकीतला सावकाश आवाज त्यांना खालीही आणतो.

ऐकण्याचा धंदा करणारी माणसं

ऐकून घेणं हे कसब आहे, याचा सगळ्यांत कठोर पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी ओलीस धरलेले इस्रायली खेळाडू मारले गेले. इस्रायली संघातल्या ११ जणांचा बळी गेला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपली पद्धत तपासून पाहिली. तिथल्या दलात हार्वी श्लॉसबर्ग नावाचे एक डिटेक्टिव्ह होते, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. फ्रँक बोल्ट्झ या अधिकाऱ्यासोबत १९७३ मध्ये त्यांनी ओलीस-वाटाघाटी करणारं पथक उभं केलं. त्यांची पद्धत थोडक्यात अशी: घेराव घाला, घाई करू नका, बोलत राहा आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐका. वेळ आपल्या बाजूनं असतो, कारण उसळलेली भावना शरीराला फार काळ तेवढ्याच जोरानं पेलवत नाही. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं याचीच एक शिडी मांडली: आधी ऐकणं, मग समजून घेणं, मग विश्वास, मग प्रभाव, आणि सगळ्यांत शेवटी वागण्यातला बदल. आपण घरीदारी बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर उडी मारायला जातो.

दुसरी गोष्ट लंडनची आहे. चॅड व्हारा या धर्मगुरूनं नोव्हेंबर १९५३ मध्ये, आयुष्याला कंटाळलेल्या माणसांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू केली. सल्ला तो स्वतः देणार होता. प्रत्यक्ष भेटायला आलेल्या माणसांना त्याच्याकडे जाईपर्यंत बसवायला, चहा-कॉफी द्यायला काही स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की अनेक जण बाहेर स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होतात आणि त्याला न भेटता निघून जातात. त्यानं काही महिन्यांत काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेत १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. त्यामागेही हेच तत्त्व आहे, की समोरच्या अनोळखी माणसाचं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं.

निर्णय बदलणार नसेल, तरी ऐकून घेण्याचा उपयोग होतो का? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना एक काम आणि त्याचं उद्दिष्ट दिलं. काहींचं मत आधी विचारलं, काहींना निर्णय सांगून झाल्यावर “तुमचं काय म्हणणं आहे?” एवढंच विचारलं, आणि काहींना काहीच विचारलं नाही. मत आधी विचारलेल्यांना पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटली. पण ज्यांच्या मतानं काही बदलणार नव्हतं, त्यांनाही ती अजिबात न विचारलेल्यांपेक्षा न्याय्य वाटली. आपलं म्हणणं ऐकलं गेलं, म्हणजे आपल्याला माणसात धरलं गेलं. “माणसं आहोत का फुटबॉल?” या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाला शिक्क्यातून नाही, विचारपूस करण्यातून मिळालं.

यात एक धोका आहे आणि तो सांगायलाच हवा. ऐकण्याचं नाटक करून लोकांना गप्प बसवता येतं, असा अर्थ यातून काढता येतो. तो अर्थ टिकत नाही. गोड बोलून तिसऱ्यांदा परत पाठवलेला माणूस चौथ्यांदा दुप्पट रागानं येतो. म्हणून ममतेसोबत खरं बोलणं लागतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून एक धोरण अवलंबलं: उपचारात चूक झाली तर ती रुग्णाला सांगायची, कारण समजावायचं, माफी मागायची आणि भरपाई स्वतःहून द्यायची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिथले खटले दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला सरासरी २.१३ होते, ते ०.७५ वर आले. घट सर्वस्वी या धोरणामुळेच झाली असं म्हणता येत नाही. पण चूक कबूल केली तर लोक अंगावर येतील, ही भीती तिथं खरी ठरली नाही, एवढं नक्की.

नाथांची शांती आणि नोकरीतली शांती

संयमाचा विषय निघाला की मराठी मनाला पैठणचे एकनाथ आठवतात. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ प्रत्येक वेळी शांतपणे परत स्नानाला गेले, एकशे आठ वेळा. आणि शेवटी तो माणूसच शरमला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नाथांना शांतिब्रह्म म्हणतात ते त्यामुळे. पण नाथांची दुसरी एक कथा आहे, तिचा या विषयाशी जास्त संबंध आहे. भर दुपारी, नदीच्या तापलेल्या वाळवंटात एक लहान मूल रडत होतं. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं होतं. नाथांनी त्याला कडेवर उचललं, त्याचे डोळे पुसले आणि त्याला त्याच्या आईबापांकडे पोचवलं. पहिल्या कथेत सोसणं आहे. दुसऱ्या कथेत रडणं कशासाठी आहे ते शोधणं आहे. जव्हारच्या माणसाला “आधी आईला आत आणून बसवा” सांगणाऱ्या बाई दुसऱ्या कथेतल्या आहेत.

पहिली कथा आपण नोकरदारांच्या गळ्यात बांधू नये, असं मला मनापासून वाटतं. नाथांची शांती त्यांनी स्वतः निवडलेली होती. खिडकीत बसलेल्या माणसाला ती निवड नसते. त्याला रोज दोनशे-तीनशे चेहऱ्यांसमोर पगारासाठी बसावं लागतं. हॉशचाइल्ड यांनी आपल्या पुस्तकात या कामाला भावनिक श्रम असं नाव दिलं. ओझी उचलणाऱ्याचं शरीर थकतं तसं, मनात एक असताना चेहऱ्यावर दुसरं बाळगणाऱ्याचं मन थकतं. त्या थकव्याची कुठे नोंद होत नाही.

शिवाय राग आणि हल्ला यांतली रेष स्पष्ट हवी. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी केलेल्या मारहाणीत डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरचा हल्ला आणि तोडफोड यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. हात उगारला गेला, धमकी आली, की ती वेळ समजूत काढण्याची नसते. बाजूला व्हायचं आणि सुरक्षारक्षकांना बोलवायचं. शिवीगाळ सुरू झाली तर “तुमचं काम मी करतेय, पण या भाषेत नाही” हे सांगणंही ममतेत बसतं, कारण त्यात काम करण्याचं वचन शाबूत असतं.

मग संयम येतो कुठून? १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला होता. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली दयाळू समॅरिटनची कथा, म्हणजे वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याचीच. पण विषयानं फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईनं. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले; ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के.

दयेवर भाषण द्यायला निघालेली माणसंही घाईत दया विसरली. खिडकीवर सौजन्याच्या पाट्या लावून उपयोग नाही, तो यासाठी. तीन माणसांचं काम एकावर टाकलं, मध्ये उसंत दिली नाही, चूक दुरुस्त करण्याचा अधिकार दिला नाही, तर गोड स्वभावाचा माणूसही सहा महिन्यांत खेकसायला लागेल. त्या बाईंना शिक्का मारण्याचा अधिकार होता, ही बाब त्यांच्या स्वभावाइतकीच मोलाची होती. आणि खिडकीच्या अलीकडे आपणही असतो. मागून “असंच करतात हे” म्हणण्याऐवजी “ताई, त्यांची आई बाहेर बसलीय” म्हणणारं कुणीतरी रांगेत असेल, तर दोन्ही बाजूंचं ओझं हलकं होतं.

आजोबांचं काम आटोपून आम्ही परतलो तेव्हा दीड वाजला होता. खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी होती. बाई आत स्टुलावर डबा उघडून बसल्या होत्या. सकाळचा प्रसंग मी पाहिला होता, फार छान हाताळलंत, असं मी सांगितलं. त्यांना तो माणूस चटकन आठवला नाही. मग म्हणाल्या, “जव्हारवाले ना? आईंना लागलाय नंबर त्यांच्या.”

हे सगळं कुठे शिकलात, असं विचारलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“पहिली दोन वर्षं मी रोज भांडून घरी जायची. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, आता रिटायर झाल्या. त्या म्हणाल्या, कुणी ओरडलं की त्याच्याकडे बघू नकोस, त्याच्यासोबत कोण आलंय ते बघ.”

त्यांनी डबा बंद केला, पाणी प्यायल्या आणि पाटी उलटी केली. खिडकीपाशी रांग आधीच लागली होती.